डोळा आणि कान

डोळा आणि कान यांत अंतर चार बोटांचें, आणि खरें व खोटें यांतहि अंतर तेवढेंच, असें आमचीं वडीलधारीं माणसें सांगत आलीं. डोळ्यानें पाहिलें त्यावर विश्वास ठेवावा, कानानें ऐकलें तें पारखून घ्यावें, एवढाच त्याचा अर्थ. ही साधी गोष्ट आज पुन्हां सांगण्याची वेळ आली आहे. कारण आज पाथरी तालुक्यांत ज्याच्या खिशांत मोबाईल आहे तो प्रत्येक जण बातमीदार झाला आहे. ओढ्याला पूर आला, कापसाचा भाव पडला, रेशनचें धान्य आलें नाहीं, कोठें दोन जमातींत बाचाबाची झाली, हें सर्व वर्तमान छापील पत्र हातीं येण्यापूर्वींच वाडीवस्तीपर्यंत जाऊन पोहोंचतें. तें पोहोंचविणारा कोणी पगारी बातमीदार नसतो. तो आमचाच शेतकरी, सुतार, कुंभार, शिंपी किंवा ऊसतोडीला गेलेला मजूर असतो.

यावर शहरांतील कांहीं विद्वान नाक मुरडतात. ते म्हणतात, बातमी देणें हें शिकल्यासवरल्याचें काम. नांगरामागें चालणाऱ्यानें बातमी दिली तर तींत अफवाच असावयाची. उलट आमच्यांतले कांहीं तरुण म्हणतात, मोठीं पत्रें व दूरचित्रवाणीवाले सगळे विकले गेले. आतां आपल्या मोबाईलवर येतें तेंच खरें. आमच्या मतें हीं दोन्ही बोलणीं अर्धवट आहेत, आणि अर्धवट बोलण्यानें नुकसान नेहमीं गरिबाचेंच होतें. म्हणून ह्या प्रश्नाचा आज थोडा विस्तारानें विचार करूं.

प्रथम विद्वानांचें म्हणणें घेऊं. आपल्या देशांत लेखणी कोणाच्या हातीं होती? गांवचें दप्तर कुळकर्ण्याकडे. जमीन कोणाची, सारा किती, कोणाचें पीक किती आणे आलें, हें त्यानें लिहावें आणि आम्हीं अंगठा उठवावा. अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज ह्याच पाथरीच्या कुळकर्ण्यांच्या घराण्यांतले होते, असें फेरिश्ता ह्या बखरकारानें लिहून ठेविलें. म्हणून चारपांचशें वर्षें लोटलीं तरी तें जगाला ठाऊक आहे. त्याच काळीं पाथरीच्या शिवारांत कोणत्या कुणब्यानें दुष्काळांत बैल गमावले व कोणत्या विणकराचा माग बंद पडला, तें कोणीं लिहिलें? कोणींच नाहीं. ज्याच्या हातीं लेखणी त्याचें वर्तमान उरलें. बाकीच्यांचें मातीस मिळालें. पुढें 1948 सालापर्यंत आमचा हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता आणि कारभाराची भाषा उर्दू होती. आपलें गाऱ्हाणें सरकारांत मांडावयाचें तर आधीं अर्ज लिहून देणारा शोधावा लागे. गाऱ्हाणें आपलें, शब्द दुसऱ्याचे!

हा अंधार ओळखूनच महात्मा जोतीराव फुले यांनीं 24 सप्टेंबर 1873 रोजीं सत्यशोधक समाज स्थापिला, आणि त्यांचे सहकारी कृष्णराव भालेकर यांनीं 1 जानेवारी 1877 रोजीं पुण्यास ‘दीनबंधु’ पत्र काढलें. 1880 सालीं तें पत्र नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईस चालविण्यास घेतलें. लोखंडे स्वतः गिरणींत नोकरी केलेले. गिरणीकामगार किती तास राबतो, हें त्यांना पुस्तकांतून वाचावें लागलें नाहीं. 1884 सालीं त्यांनीं कामगारांच्या सभा भरविल्या, हजारों सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढें ठेविला, आणि शेवटीं 1890 सालीं गिरणीमालकांना आठवड्याची सुटी मान्य करावी लागली. पुढें 1908 नंतर तानुबाई बिर्जे ह्या बाईंनीं तेंच ‘दीनबंधु’ संपादक म्हणून चालविलें. 1910 सालीं मुकुंदराव पाटील यांनीं तर नगर जिल्ह्यांतील सोमठाणें ह्या खेड्यांतून ‘दीनमित्र’ काढला आणि 1967 पर्यंत, म्हणजे आपल्या हयातभर, खेड्यांतूनच चालविला. ह्या लोकांना कोणत्या शाळेनें बातमीदारीची सनद दिली होती? त्यांच्याजवळ सनद एकच होती. ज्याच्या पायांत कांटा रुतला त्यानेंच कळ सांगावी; दुसऱ्यानें सांगितली तर ती ऐकीव होते.

म्हणून अडाणी माणसाची साक्ष कमी मोलाची, हें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. फार लांब जाण्याचें कारण नाहीं. परभणी शहरांत 10 डिसेंबर 2024 रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यापुढील संविधानाच्या प्रतिकृतीची नासधूस झाली. दुसऱ्या दिवशीं दंगल झाली, धरपकड झाली. धरलेल्यांपैकीं कायद्याचें शिक्षण घेणारा एक वडार तरुण 15 डिसेंबर रोजीं न्यायालयीन कोठडींत असतां मरण पावला. छातींत दुखूं लागलें होतें, असें पोलिसांकडून सांगण्यांत आलें. शवचिकित्सेच्या अहवालांत मात्र अनेक जखमांमुळें बसलेला धक्का, असें कारण निघालें. त्याची आई न्यायालयांत गेली. जुलै 2025 मध्यें उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें गुन्हा नोंदविण्याचा हुकूम दिला आणि सर्वोच्च न्यायालयानें तो कायम ठेविला. गुन्हा कोणाचा हें पुढें न्यायालय ठरवील. त्याचा निवाडा आम्ही आधींच करीत नाहीं. पण एवढें खास कीं, वस्तींतील माणसांनीं पाहिलेलें सांगितलें नसतें आणि त्या माउलीनें पहिल्या सांगण्यावर मान डोलाविली असती, तर तें प्रकरण तेव्हांच मिटलें असतें.

अमेरिकेंत मिनियापोलिस शहरीं 25 मे 2020 रोजीं असेंच घडलें. जॉर्ज फ्लॉइड हा काळा मनुष्य पोलिसाच्या गुडघ्याखालीं गुदमरून मेला. पोलिसांचें पहिलें निवेदन सांगत होतें कीं, प्रकृतीच्या कारणानें एक इसम दगावला. रस्त्यावर उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या एका मुलीनें आपल्या फोनवर सर्व प्रकार टिपला होता. तिच्या चित्रानें निवेदन खोटें पडलें आणि पुढें त्या पोलिसास खुनाची शिक्षा झाली. त्या मुलीस 2021 सालीं पुलित्झर मंडळानें खास सन्मान दिला. ती पत्रकार नव्हती. तिनें तीन गोष्टी केल्या: ती जाग्यावर होती, तिनें पाहिलें तेंच टिपलें, आणि त्यांत पदरचें कांहीं घातलें नाहीं. बातमीदारीचें सारें शास्त्र ह्या तीन गोष्टींत आलें.

आतां दुसरी बाजू सांगतों, आणि ती सांगतांना आमची मान खालीं जाते. 1 जुलै 2018 रोजीं, रविवारचे दिवशीं, धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांत राईनपाडा येथें आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच भिक्षेकरी तेथें आले. मुलें पळविणारी टोळी फिरत आहे, असे निरोप त्या भागांत कित्येक दिवस मोबाईलवरून फिरत होते. पांचांपैकीं एकजण एका लहान मुलीशीं बोलला असें कोणीं म्हटलें, आणि जमाव जमला. त्यांना ग्रामपंचायतीच्या कचेरींत कोंडून दगडकाठ्यांनीं ठार मारलें. पांच माणसें! ह्यांनीं कोणाचें मूल पळविलें नव्हतें. पिढ्यान् पिढ्या मागून खाणारे ते आपलेच गरीब बांधव होते. त्याच सुमारास मालेगांवांत आपल्या परभणी जिल्ह्यांतून गेलेलें एक मागतें कुटुंब, त्यांत दोन वर्षांचें मूल, अशाच जमावाच्या तावडींत सांपडलें होतें. तेथील एका भल्या रहिवाशानें आणि पोलिसांनीं वेळेवर धांव घेतली म्हणून तें वांचलें.

वाचकहो, राईनपाड्यास मारणारे कोण होते? कोणी शेटजी नव्हते, भटजी नव्हते, सावकार नव्हते. मारणारे गरीब, मरणारेहि गरीब. घरीं बाया विधवा झाल्या त्या गरिबांच्या, आणि तुरुंगाच्या वाऱ्या घडल्या त्याहि गरिबांनाच. त्या वर्षीं देशभर जीं चित्रें फिरलीं त्यांतलें एक तर कराचींतील होतें. मुलांस जपा, असा बोध देण्यासाठीं तेथील लोकांनीं केलेली ती नाट्यफीत. शेवटची बोधाची पाटी कापून टाकून ती आमच्याकडे खरी घटना म्हणून धाडण्यांत आली. ज्यांनीं ती पुढें धाडली त्यांपैकीं एकानेंहि कांहीं पाहिलें नव्हतें. प्रत्येकाच्या मनांत काळजीच होती. आपलीं लेंकरें सांभाळावीं, शेजाऱ्याला सावध करावें, ह्या चांगल्या हेतूनेंच त्यांनीं बोट दाबलें. पण हेतु चांगला म्हणून बातमी खरी होत नाहीं! ह्या व अशा हत्यांनंतर त्याच जुलैंत व्हॉट्सॲपच्या कंपनीनें एका वेळीं पांचच ठिकाणीं निरोप पुढें धाडतां येईल अशी मर्यादा घातली. कंपनीला कुलूप लावावें लागलें, कारण आम्ही आपल्या बोटाला लावलें नाहीं.

खोट्या बातमीनें जीव जातो तसें पोटहि मारलें जातें. पूर्वीं पीकपाहणी तलाठी करी. कित्येकदां चावडींत बसूनच करी, आणि कापसाच्या शेतांत ज्वारी लिहिली जाई. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानें आपल्या बांधावर उभें राहून, पिकाचा फोटो काढून, आपणच नोंद करावयाची आणि तलाठ्यानें शंभरांतल्या दहा नोंदी तपासावयाच्या. कुळकर्ण्याची लेखणी जाऊन नोंदीचें यंत्र आमच्या हातीं आलें, ही लहान गोष्ट नव्हे. पीकविम्यांतहि गारपीट झाली, शेतांत पाणी साचलें, तर बहात्तर तासांच्या आंत शेतकऱ्यानेंच खबर द्यावी, असा नियम होता. म्हणजे आपल्या शेताचा बातमीदार आपणच.

पण ह्या मोकळिकीचें आम्हीं काय केलें? 2023 च्या खरिपापासून एका रुपयांत पीकविमा मिळूं लागला. कांहीं लबाडांनीं दुसऱ्याच्या जमिनीवर, देवस्थानच्या जमिनीवर, सरकारी पडीकावर पिकें दाखवून अर्ज भरले. असे बोगस अर्ज लाखोंनीं निघाले आणि 2025 सालीं ती एक रुपयाची सवलतच बंद झाली. सुक्याबरोबर ओलें जळतें तें असें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत मराठवाड्यावर अतिवृष्टि कोसळली, गोदाकांठच्या शेतांत पाणी शिरलें, सोयाबीन उभेंच्या उभें सडलें. खोट्या अर्जांनीं खऱ्या नुकसानीची पत आधींच घालविली होती. आज कोणी शेतकरी बुडालेल्या पिकाचा फोटो दाखवितो तेव्हां कचेरींतला कारकून प्रथम विचारतो, हा फोटो कोठला, कधींचा? हा संशय त्या बिचाऱ्यानें निर्माण केला नाहीं. पण भोगावा लागतो त्याला.

तिसरें उदाहरण आमच्या पाथरी गांवचेंच आहे. जानेवारी 2020 मध्यें त्या वेळच्या मुख्यमंत्र्यांनीं पाथरी हें साईबाबांचें जन्मस्थान मानून गांवच्या विकासासाठीं शंभर कोटी रुपये देण्याचें बोलून दाखविलें. शिर्डीकरांनीं हरकत घेऊन 19 जानेवारीपासून गांव बंद ठेविलें. आठवडाभर दोन्हीकडून मोबाईलवर निरोपांचा पाऊस पडला. पुरावे म्हणून काय काय फिरलें तें सांगतां सोय नाहीं. बाबांचा जन्म कोठें झाला ह्याचा निवाडा करण्यास आम्ही बसलों नाहीं. स्वतः बाबांनींहि आपली जातपात व गांव उघड केलें नव्हतें. आमचें म्हणणें एवढेंच आहे. पाथरीचा मनुष्य येथें देऊळ आहे, येथें यात्रेकरू येतात, रस्ता अरुंद आहे, पिण्याच्या पाण्याची तूट आहे, असें सांगेल तर ती साक्ष होय. कारण तें तो रोज पाहतो. जुन्या काळच्या जन्माविषयीं तो सांगेल तर ती ऐकीव होय. तिला जुने कागद व संशोधन पाहिजे. रस्ता आणि पाणी मागण्यास जन्माचा दाखला कशाला पाहिजे? जें आपण खरोखर जाणतों त्यावर उभें राहून बोललों असतों, तर शिर्डीच्या माणसालाहि तें नाकारतां आलें नसतें.

येथें कोणी विचारील, मग छापील पत्रांतील बातमी तरी सोळा आणे खरी असते काय? नसते. तालुक्याच्या कित्येक बातमीदारांना पगार नांवाचाच मिळतो आणि जाहिराती मिळवून पोट भरावें लागतें; ज्याची जाहिरात त्याच्याविरुद्ध ते काय लिहिणार? पण एक फरक ध्यानांत घ्या. छापील बातमीखालीं पत्राचें नांव असतें, संपादकाचें नांव असतें. खोटी निघाली तर दुरुस्ती मागतां येते, फिर्याद करतां येते. मोबाईलवरच्या निरोपाला बाप नाहीं. जो येतो तो म्हणतो, मला दुसऱ्यानें धाडलें. म्हणून साध्या माणसाची बातमी विश्वासाची व्हावयाची तर त्यानें स्वतःचा संपादक स्वतःच झालें पाहिजे. दुसरा उपाय आम्हांस दिसत नाहीं.

तो संपादक होण्यास शाळा नको. कांहीं साधे नेम पुरेत. पहिला नेम: बातमी धाडतांना ‘पाहिलें’ कीं ‘ऐकलें’ हें आरंभींच लिहावें. दुसरा: दिवस, वेळ, गांव आणि शिवार लिहावें, फोटो जुना असल्यास तसें सांगावें. तिसरा: खालीं आपलें नांव घालावें. जी बातमी आपल्या नांवानें सांगण्यास छाती होत नाहीं, ती दुसऱ्याच्या नांवानेंहि सांगूं नये. मात्र जुलमाविरुद्ध बोलणाऱ्या गरिबाचें नांव बाहेर फोडूं नये. त्यानें विश्वासाच्या चार माणसांपुढें सांगावें आणि त्या चौघांनीं आपल्या नांवानें पुढें यावें. चौथा: ज्याच्याविरुद्ध बातमी आहे त्याला आधीं विचारावें. रेशन दुकानदाराची, ग्रामसेवकाचीहि बाजू ऐकावी. खोटें बोलत असेल तर तोच त्या बोलण्यानें उघडा पडतो. पांचवा: जेथें कागद आहे तेथें कागद मागावा. 2005 सालच्या माहिती अधिकाराच्या कायद्यानें दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर मागतां येतें. रस्त्याचें बिल किती निघालें हें कट्ट्यावर भांडून ठरत नसतें. सहावा: मूलचोरी, गोहत्या, धर्माचा अपमान, परजातीनें केलेला अत्याचार, अशा रक्त तापविणाऱ्या बातम्या आल्या कीं हात थांबवावा आणि प्रथम पोलिसांना व त्या गांवच्या ओळखीच्या माणसाला फोन करावा. सातवा नेम सर्वांत अवघड आहे: आपली बातमी चुकली असें कळतांच, ज्या ज्या ठिकाणीं ती धाडली त्या त्या ठिकाणीं ‘माझी चूक झाली’ असें लिहावें. चूक कबूल केल्यानें मनुष्य लहान होत नाहीं. उलट, पुढच्या वेळीं त्याच्या शब्दाला किंमत येते.

कोणी म्हणेल, हे नेम पाळीत बसलों तर बातमीला उशीर होईल. होऊं द्या. पुराची सूचना पाहणाऱ्यानें एका क्षणांत द्यावी. तिला कोणाची हरकत नाहीं, कारण ती पाहिलेली असते. पण ऐकीव गोष्ट घटकाभर थांबली म्हणून कोणाचें काय बिघडलें? राईनपाड्याच्या बाजारांत कोणी एकानें घटकाभर थांबून त्या पांच जणांस नांवगांव विचारून त्यांच्या गांवीं फोन लाविला असता, तर आज पांच घरें उभीं असतीं.

कांहीं लोकांना वाटतें कीं, विरुद्ध पक्ष खोटें पसरवितो, तर आपणहि त्याला खोट्यानेंच उत्तर द्यावें. ह्या बहुजन तरुणांना आमचें हात जोडून सांगणें आहे कीं, हा मार्ग आपला नव्हे. आमच्या चळवळीच्या आद्य संस्थेचें नांव ‘सत्यशोधक’ आहे. ज्यांच्याजवळ सत्ता आहे, पैसा आहे, त्यांचें खोटें पचतें. दुसरें दहा वेळां छापून ते पहिलें झांकूं शकतात. गरिबाजवळ भांडवल एकच आहे, तें म्हणजे त्याच्या शब्दाचा भरंवसा. तो एकदां गेला कीं त्याची खरी कळहि कोणी ऐकत नाहीं. बाभळगांवच्या शेतकऱ्याचा खरा फोटो आणि कोठल्या तरी लबाडाचा खोटा फोटो कचेरीच्या टेबलावर शेजारीं शेजारीं पडतात, तेव्हां फाडला जातो तो दोन्हींपैकीं गरिबाचाच.

शेतकरी व कारागीर बंधूभगिनींनो, पिढ्यान् पिढ्या आपलें वर्तमान दुसऱ्यानें लिहिलें. आतां तें आपल्या हातांनीं लिहिण्याचा दिवस आला आहे. बाजारांत धान्य घेतांना आपण मूठभर तळहातावर घेऊन फुंकर घालतों, खडा निवडतों, दाणा दाताखालीं घालून पाहतों, आणि मगच पायलीचा भाव करतों. ह्यापुढें जी बातमी आपल्या हातीं येईल तिला घरांत घेण्यापूर्वीं तेवढी फुंकर घाला. आणि जी आपल्या हातून बाहेर जाईल ती अशी निवडून द्या कीं, परभणीच्या कचेरींत असो वा मुंबईच्या मंत्रालयांत, ऐकणाऱ्यानें म्हणावें, हें पाथरीच्या माणसानें सांगितलें आहे ना, मग तपासावयास निघा, बहुधा खरेंच असेल.